गिरवीच्या घरातली बहीण

माझं शुद्धलेखन वाईट आहे आणि अक्षर त्याहून वाईट. चौथीपर्यंत शिकले, त्यातही निम्मं वर्ष धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन वर्गाच्या दाराशी उभी असायची. वेलांटी पहिली की दुसरी यावर मी फार वेळ घालवत नाही, हाताला येईल ती देते. चुकलं असेल तर माफ करा. माफी कुणाची मागते आहे हे मलाही ठाऊक नाही, कारण ही वही कुणाला दाखवायची नाही. पण मला तोंड उघडायच्या आधी माफी मागायची सवय आहे, आणि बहुतेक वेळा माफी मागून झाली की तोंड उघडायचं राहूनच जातं. चार माणसं समोर असली की जीभ टाळूला चिकटते. म्हणून हे लिहायला बसले. कागद मध्येच विचारत नाही, "बाई, काय म्हणता? जरा मोठ्याने बोला."

आम्ही देऊळगाव राजात गिरवीच्या घरात राहत होतो. आमच्याकडे ही पद्धत आहे. मालकाला एकरकमी पैसे द्यायचे आणि त्याच्या घरात राहायचं. भाडेकरूने भाडं द्यायचं नाही, मालकाने व्याज द्यायचं नाही. घर सोडायच्या दिवशी रक्कम जशीच्या तशी परत. ऐकायला इतकं सोपं आहे की यात कुणी फसेल असं वाटतच नाही.

आम्ही दोन लाख दिले होते. नवरा कामाला होता ती कापसाची जिनिंग बंद पडली तेव्हा कामगारांच्या हातावर जे काही टेकवलं ते, आणि माझी सोन्याची एकदाणी मोडून आले ते. त्यापलीकडे आमच्याजवळ काही नव्हतं. लिहून मात्र घेतलं नाही. घरमालक म्हणाला, कागद परक्या माणसांत करतात. मग त्याच्या घरी बालाजीच्या फोटोपुढे पाट मांडला, पाटावर नोटा ठेवल्या, त्याने त्या उचलून कपाळाला लावल्या आणि खिशात घातल्या. प्रत्यक्ष देव साक्षीला होता. देवाला उद्या कुणी साक्षीला बोलावलं तर तो येणार कसा, हे आम्ही विचारलं नाही. माझा नवरा तर इतका भारावला होता की घरी येताना म्हणाला, असा माणूस शोधून सापडणार नाही. ते खरंच निघालं. पुढे पैसे मागायला गेलो की तो कधीच सापडायचा नाही.

तर आमच्या दोन लाखांची पावती एकच होती. आम्ही त्या घरात राहत होतो. बाहेर पडलो की पावती गेली.

घरमालक दोन गल्ल्या सोडून राहतो. बोलायला फार गोड. सगळ्या बायकांना ताई म्हणतो, सगळ्या पुरुषांना भाऊ. त्याच्या मुलाने पुण्यात फ्लॅट घ्यायचं काढलं आणि त्यासाठी बापाला आमचं, म्हणजे त्याचं, घर आठवलं. पोळ्याच्या सुमाराला तो पेढे घेऊन आला. घर विकायला काढलं म्हणाला. माझ्या हातातला पेढा तसाच राहिला. ते बघून तो हसला.

"ताई, तुमी काऊन टेन्शन घेता? मी घर विकून राह्यलो, तुमाले थोडंच विकून राह्यलो."

माझा नवराही हसला. मालक हसला की तो हसतो. मग त्याने हळूच पैशांचं विचारलं. मालक म्हणाला, खरेदीखत ज्या दिवशी, त्या दिवशी तुमचे दोन लाख तुमच्या हातात, त्यात बोलायचं काय. आणि खरंच, त्यानंतर तो त्यावर काही बोलला नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून गिऱ्हाइकं यायला लागली. आपल्या घरात अनोळखी माणसं आपली चूल, आपली अंथरुणं, आपलं न्हाणीघर बघत फिरतात आणि आपण त्यांच्यासाठी चहा करतो, याची मजा ज्याने घेतली नाही त्याला सांगून कळणार नाही. चहा मीच करायचा, साखर माझी, दूध माझं, पाहुणे मालकाचे. मी दाराआड उभी राहायची. मालक बाहेरून ओरडायचा, "ताई, कपाट उघडून दाखवा हो यायले, भिंतीतलं आहे." मी कपाट उघडायची. आत माझ्या साड्या, नवऱ्याची बंडी, औषधं. एका गिऱ्हाइकाने बंडी बाजूला सारून फळीवर बोट फिरवलं आणि वाळवी नाही ना म्हणून विचारलं.

आमच्याकडे नळ आठ-दहा दिवसांनी येतो. मालक बरोबर त्याच सकाळी माणसं आणायचा. ड्रम भरायला घेतला की पाठीमागे आवाज यायचा, "बघा, पाण्याला काय जोर आहे." मग मी पाइप बाजूला धरायचा आणि पाणी सगळ्यांना दिसेल असं मोरीत सोडायचं. एकाने ओंजळीत घेऊन चाखलं, दुसऱ्याने पाय धुतले. ते जाईपर्यंत नळाचा जोर ओसरलेला असायचा आणि पुढचे आठ दिवस मी शेजारणीकडे घागर घेऊन जायची. घराची किंमत मात्र तेवढ्यात वाढली असणार.

मागच्या खोलीत भिंतीला भेग होती. आमच्या भागातली जमीन काळी, उन्हाळ्यात फाटते, पावसाळ्यात फुगते, तिच्यावरच्या भिंतीही तिच्यासारख्याच वागतात. मालकाने त्याच्या घरच्या देव्हाऱ्यावरचा तोच बालाजीचा मोठा फोटो आणून त्या भेगेवर लावला. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक तिथे पोहोचलं की हात जोडून डोळे मिटायचं. दोन लाखांना साक्षीदार झालेल्या देवाला त्याने आता या कामाला लावलं होतं.

अशी बरीच माणसं आली आणि गेली. एक मास्तर नवराबायको पावलांनी खोल्या मोजून गेले. एकजण दार दक्षिणेला म्हणून उंबऱ्याच्या आत आलाच नाही, पण चहा बाहेर मागवून प्यायला. शेवटी जालन्याकडचा एक माणूस आला. बियाण्याच्या कंपनीत फिरतीवर होता. मुलांच्या शाळेसाठी इथे घर हवं होतं. तो चांगला होता, म्हणजे कपाटात हात घालत नव्हता. त्याने जाताजाता शेजारी चौकशी केली की हे लोक भाडं किती देतात. शेजारणीने खरं ते सांगितलं, भाडं देत नाहीत. आत येऊन त्याने मालकाला विचारलं, "हे भाडं देत नाहीत म्हणायलेत शेजारी. मग हे राहायलेत कसे?"

मी तेव्हा चहाचा ट्रे घेऊन दारात होते. गिरवी सांगितली असती तर त्या माणसाने पहिल्यांदा दोन लाख किमतीतून कापले असते. मालकाने एक श्वास घेतला. त्याला जास्त लागत नाहीत.

"बहीण आहे माझी," तो म्हणाला. "आता बहिणीकून भाडं घेऊ का मी?"

त्याने माझ्याकडे बघितलं. बियाणेवाल्यानेही बघितलं. मी मान खाली घातली, कारण माझ्याकडे कुणीही बघितलं की मी मान खालीच घालते. बियाणेवाल्याला वाटलं, किती मर्यादशील बहीण. तो ट्रेमधला कप घेताना मला ताई म्हणाला. अशा रीतीने, एक शब्द न बोलता, मी एका घराची लेक झाले.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. वाटलं चिडेल. तो उलट खुलला. मालकाने त्याला रस्त्यात गाठून दाजी म्हणून हाक मारली होती, हॉटेलात नेऊन कचोरी खाऊ घातली होती.

"तो मले दाजी म्हणते," नवरा म्हणाला. "दहा माणसात म्हणते. असा माणूस आपले पैसे बुडवीन?"

मी म्हटलं, कचोरी दोन लाखांची होती का. म्हणजे मनात म्हटलं. मोठ्याने एवढंच म्हटलं की पैशांचं विचारा. तो म्हणाला, मेव्हण्याला असं उठसूट विचारणं बरं दिसत नाही. एका कचोरीत नातं इतकं पक्कं झालं होतं.

भाऊबीजेला मालक आला. एकटा आला नव्हता, बियाणेवाल्याला मोटारसायकलवर मागे बसवून आणलं होतं, भाव ठरवायचा होता म्हणून. पाटावर बसला, टोपी घातली, मान पुढे केली. मी ओवाळलं. काय करणार, माणूस टोपी घालून पाटावर बसला की हातात ताट येतंच. त्याने ताटात एकावन्न रुपये टाकले. नंतर मी त्या नोटा डब्यात ठेवताना मनाशी म्हटलं, चला, दोन लाखांतले एकावन्न तर परत आले.

त्या दिवशी भाव ठरला. मालकाने लाख रुपये इसार घेतला आणि तो पुण्याला गेला. मालक नव्हे, इसार. मालक इथेच होता, पण आता आमच्या गल्लीतून जायचं त्याने सोडलं होतं. नवरा जिथे कामाला आहे त्या भुसार दुकानावरून त्याचा रस्ता होता, तोही त्याने बदलला. पुढे बरेच दिवस तो लांबूनच हात हलवायचा. मग एका दुपारी, नवरा जेवायला घरी आलेला असताना, तो आला आणि ओसरीत बसून त्याने घाम पुसला. खरेदीखत जवळ आलं होतं. घेणाऱ्याला घर रिकामं हवं होतं. तो मला म्हणाला, "ताई, आठ-पंधरा दिवस माहेरी उंद्रीले जाऊन या. घर मोकळं दिसलं की त्याले बरं वाटीन. रजिस्ट्री झाली की मी स्वतः पैसे घेऊन उंद्रीले येतो, तुमच्या आईच्या हातचं जेवतो."

भाऊ बहिणीला आपल्या घरातून माहेरी पाठवतो, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. नवऱ्याला यात काही खटकलं नाही. तो म्हणाला, आठ दिवसांनी काय बिघडतं, आणि कॉटखालची पेटी ओढायला लागला. मालक गेल्यावर त्याने माझी भांडीसुद्धा पोत्यात भरली. तो दुकानावर परत गेला की मी ती काढून मांडणीवर लावली. संध्याकाळी येऊन त्याने बघितलं, पुन्हा भरली. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा काढली. आम्ही भांडलो नाही. मला भांडता येत नाही आणि त्याला माझ्याशी भांडायची गरज कधी पडलेली नाही. पण रोज रोज पोतं भरून तोही कंटाळला. शेवटी म्हणाला, "तुह्या मनात काय आहे ते तरी सांग."

मी सांगितलं की पैसे हातात आल्याशिवाय मी उंबरा ओलांडणार नाही. त्याने डोकं खाजवलं. म्हणाला, मग मेव्हण्याले काय सांगू. मी म्हटलं, सांगा की बहीण हट्टी आहे.

हे कळल्यावर मालकाचा गोडवा थोडा आटला. त्याने बियाणेवाल्याला काय सांगितलं देव जाणे, पण दोन दिवसांनी बियाणेवाल्याची आई जालन्याहून बसने आली. एकटी आली. सत्तरीची असेल, नऊवारी नेसलेली, पिशवीत नारळ, खण आणि तांदूळ. मला वाटलं, घर बघायला आली. ती सरळ माझ्या समोर बसली, मला पाटावर बसवलं आणि माझी ओटी भरली. मग म्हणाली की तुझा भाऊ सांगत होता, तू घर सोडायला तयार नाहीस. मला कळतं ग, बापाचं घर आहे.

मी ओटीतले तांदूळ सावरत बसले.

तिने तिची सगळी हकिगत सांगितली. तिच्या नवऱ्याच्या दोन बहिणी होत्या. त्यांच्या सह्या न घेता शेत विकलं होतं आणि नंतर त्या बहिणी कोर्टात गेल्या होत्या. त्या खटल्यात तिचं सोनं गेलं, तरणेपण गेलं आणि नवराही गेला, म्हणजे तो त्या काळजीने गेला असं तिचं मत होतं. तेव्हापासून ती कुठल्याही व्यवहारात पहिल्यांदा बहिणी किती हे विचारते. मुलाला तिने स्वच्छ सांगितलं होतं की घरात बसलेल्या बहिणीची सही असल्याशिवाय एक रुपया पुढे सरकवायचा नाही. आता माझी सही मिळावी म्हणून ती माझी समजूत काढायला आली होती. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. दोन्ही मी पदरात ठेवलं. ती जाताना माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, असं गप्प राहून हक्क मिळत नाही.

खोटं बोलताना मालकाने सगळा विचार केला होता, फक्त बहिणीला हिस्सा असतो एवढंच तो विसरला होता. त्याच्या स्वतःच्या सख्ख्या बहिणींकडून त्याने सह्या केव्हाच घेऊन ठेवल्या होत्या, त्यामुळे असेल. आता त्याला माझीही सही हवी होती. आणि मी त्याच्या बापाची लेक नव्हते, तर सही करणार कशावर? पण माणूस हार मानणारा नव्हे. तो संध्याकाळी आला आणि नवऱ्याला म्हणाला, दाजी, ताईंची एक सही करून टाकू, मानलेली बहीण म्हणून, काय जातं आपलं? नवरा चक्क विचार करायला लागला. मी आतून ऐकत होते.  मी सही केली की कागदावर लिहिलेलं राहणार, या बाईचा या घरात काही हक्क नाही. मग दोन लाख कुठल्या तोंडाने मागायचे? देवापुढे दिलेले होते, आणि देव भेगेवर लटकलेला होता.

रविवारी सगळे जमले. ओसरीत सतरंजी टाकली होती. बियाणेवाला, त्याची आई, मालक, माझा नवरा. स्टॅम्प लिहून देणारा एक माणूसही मालकाने सोबत आणला होता. मी चहा घेऊन आले. म्हातारीने मला हात धरून शेजारी बसवलं. पुरुषांच्या बैठकीत मी अशी कधी बसले नव्हते. कानांच्या पाळ्या गरम झाल्या.

म्हातारी म्हणाली, "बाई, भाऊ घर विकायलाय. तुला तुझा हिस्सा नको का?"

मालक घाईने म्हणाला, "तिले काईच नको. माझी बहीण लय समाधानी आहे. सही करीन ती."

"तिला बोलू दे," म्हातारी म्हणाली.

"ती बोलत नाही हो मावशी. लहानपणापासून तशीच आहे."

माझ्या लहानपणाची त्याला इतकी माहिती होती हे ऐकून मला जे काही झालं ते मी अजून नीट सांगू शकत नाही. मी सतरंजीवरची एक निळी पट्टी बघत होते. तिच्याकडेच बघत मी बोलले.

"मी यायची बहीण नाही. आमी गिरवीनं राह्यतो. आमचे दोन लाख आहेत यायच्याजवळ."

आवाज इतका बारीक निघाला की स्टॅम्पवाला पुढे वाकून म्हणाला, काय म्हणता? त्यासाठी मला ते सगळं पुन्हा बोलावं लागलं. दुसऱ्या वेळी जरा बरं जमलं.

 नवऱ्याला खोकला आला. मग मालक अतिशय दुखावल्या आवाजात म्हणाला, "ताई, बहिणीनं भावाले असं तोंडघशी पाडावं का?"

अजून ताईच. मला वाटतं त्याला स्वतःलाही ते नातं खरं वाटायला लागलं होतं.

बियाणेवाला उठून उभा राहिला. इसार परत द्या म्हणाला, व्यवहार मोडला. मालकाचा चेहरा पडला, कारण इसार पुण्यात जाऊन फ्लॅटच्या पायात गाडला गेला होता. म्हातारी मात्र बसूनच होती. बहिणीचा हिस्सा नाही म्हटल्यावर तिच्या जिवावरचं ओझं उतरलं होतं. दोन लाखांचं तिला काही भय वाटलं नाही. ती मुलाला म्हणाली, बस खाली. गिरवी म्हणजे काय भूत आहे का? किमतीतून तेवढे कापायचे आणि या बाईच्या हातात द्यायचे, ती किल्ली देईल. मग मालकाकडे वळून म्हणाली, "एवढं साधं होतं तर बहीण कशाला काढली रे तू?"

मालकाने उत्तराऐवजी हिशेब काढला. त्याने तो तिथेच सुरू केला. भिंतींना खिळे मारले त्याचे कापा. न्हाणीची फरशी पिवळी पडली तिचे कापा. एकदा पाण्याची मोटार दुरुस्त केली होती. आमच्याकडे मोटार नव्हती, ती त्याच्या घरची होती, हे माझ्या नवऱ्याने चक्क बोलून दाखवलं. दाजीपण संपल्याचं ते पहिलं लक्षण. मालकाने भाऊबीजेच्या ओवाळणीचाही विषय काढून बघितला. तेव्हा म्हातारी हसली ती बराच वेळ हसत राहिली, आणि स्टॅम्पवाल्याने लाजून पेनाचं टोपण लावलं.

शेवटी ठरलं ते असं. पुण्याचा हप्ता तोंडावर आला म्हणून मालक रडकुंडीला आला होता. तेव्हा खरेदीखताच्या दिवशी बियाणेवाल्याने किमतीतून दीड लाख आम्हाला द्यायचे, उरलेले पन्नास हजार मालकाने पंधरा दिवसांत द्यायचे, आणि तोवर आम्ही घर सोडायचं नाही. हे यावेळी लिहून घेतलं. सही माझीही घेतली. गिरवीदार म्हणून. माझी सही म्हणजे नाव लिहिते तेवढीच, पण ती मी सावकाश केली.

खरेदीखत झालं. दीड लाख बँकेत जमा झाले. बियाणेवाल्याने विचारून विचारून तीनदा खात्री केली की जमा झाले ना. पंधरा दिवस झाले, महिना झाला, मालकाचे पन्नास हजार आले नाहीत. तो आता आम्हाला ओळखही देत नव्हता. गल्लीत त्याच्या बायकोने सांगितलं की त्या बाईने भावासारख्या माणसाला भर सभेत नागवलं. जी बाई कधी बोलत नाही ती बोलली की असंच बोलते, असंही म्हणाली. दुकानात दोन बायका माझ्याकडे बघून थांबल्या. मी नेहमीप्रमाणे मान खाली घातली. मर्यादशील म्हणायला यावेळी कुणी पुढे आलं नाही.

बियाणेवाल्याचं घर अडलं होतं. त्याची मुलं भाड्याच्या खोलीत, सामान बांधून पडलेलं. नियमाने त्याने आमच्यावर चिडायला हवं होतं आणि एकदा तो चिडलाही. पन्नास हजारांसाठी किती दिवस बसणार म्हणाला. मी दाराआडून म्हटलं, पन्नास हजार येईपर्यंत. त्याची आई म्हणाली, बरोबर बोलली.

आणि मग त्या म्हातारीने वसुली हातात घेतली. तिला दुसरं काम नव्हतं. आता ती मुलाजवळ इथेच राहायला आली होती. सकाळी बालाजीचं दर्शन घ्यायची आणि येताना मालकाच्या ओसरीवर बसायची. भांडायची नाही. पाणी मागायची, चहा मागायची, त्याच्या सुनेचं कसं चाललंय ते विचारायची, नातवाचा फोटो बघायची. मग उठताना म्हणायची, त्या बाईचं काय केलंस? दुसऱ्या दिवशी पुन्हा. येणाराजाणारा बघायचा, विचारायचा, मावशी इथे कशा? ती सगळ्यांना नीट, सावकाश, पहिल्यापासून सांगायची. बहिणीची गोष्ट तिला फार आवडायची, तिथे ती थांबून मालकालाच विचारायची, तू नेमकं काय म्हणाला होतास रे? त्याच्या ओसरीवर गिऱ्हाईक यायचं बंद झालं. तो विम्याचं काम करतो, त्याला माणसं लागतात.

तिसऱ्या आठवड्यात, बाजाराच्या दिवशी दुपारी, तो आमच्याकडे आला. म्हातारी त्याच्या मागोमाग चालत आली, काही अंतर ठेवून. तो बसला नाही. चहा विचारला नाही, मीही केला नाही. त्याने शर्टाच्या आतून पाकीट काढलं आणि नवऱ्याच्या पुढे धरलं. नवऱ्याने हात पुढे केला, मग मागे घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मालकाला पाकीट माझ्याकडे वळवावं लागलं.

मी उंबऱ्यावर बसून नोटा मोजल्या. सगळ्यांसमोर. माझा मोजायचा वेग वाईट आहे, एकदा चुकले, पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. मालक तोवर उन्हात उभा होता. म्हातारीने त्याला सावलीत ये म्हणून सांगितलं, तो आला नाही.

पूर्ण होते. पन्नास हजार. दीड लाख बँकेत होतेच. मी नोटा कमरेला खोचल्या, आत बांधून ठेवलेल्या पोत्यांमधून जाऊन किल्ली आणली आणि म्हातारीच्या हातात दिली. मालकाला म्हटलं, झाले पूर्ण.